न प्यालेली दारू

एमआरआयच्या खोलीत जाण्याआधी अंगावरचं धातूचं सगळं काढून ठेवायचं होतं. मधुकररावांनी घड्याळ दिलं, चष्मा दिला, पट्टा दिला आणि मग सदऱ्याच्या बटणांना हात घातला. बटणं प्लास्टिकची आहेत, राहू द्या, असं तिथल्या नर्सनं दोनदा सांगितलं, तरी त्यांची बोटं बटणांशी झटत राहिली. शेवटी त्यांच्या पत्नी प्रमोदिनीबाईंनी पुढे होऊन त्यांचे दोन्ही हात धरले आणि खाली आणले. गेलं वर्षभर हे असंच चाललं होतं. एखादं काम हातात घेतलं की ते कुठे थांबवायचं हे त्यांना उमगत नसे, आणि थांबलं की पुन्हा कुठून सुरू करायचं हे आठवत नसे.

माधवनगरात उभं आयुष्य काढलेला माणूस रेल्वे फाटकापासून घरी येताना तीनदा चुकला होता. चालताना पाय फाकवून टाकायचे, जणू जमीनच हलते आहे. जीभ जड झाली होती. शब्द सापडायचा, पण खोल विहिरीतून पोहरा ओढावा तसा वर यायला वेळ लागायचा आणि तोवर ऐकणाऱ्याचा धीर सुटायचा. दिवाळीत लेक अबोली आली, तेव्हा तिला त्यांनी वहिनी म्हणून हाक मारली. अबोली साताऱ्याला शाळेत शिकवते. तिनं तिथल्या तिथे रजा वाढवली, सांगलीतल्या मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली आणि आईला सांगितलं की आता टाळाटाळ पुरे.

टाळाटाळ हा शब्द प्रमोदिनीबाईंना लागला. पण तो खोटा नव्हता.

यंत्राचं दार लागलं आणि आतून खडखड सुरू झाली. आधी एका लयीत, मग मध्येच दणके, मग पुन्हा एका लयीत. बाहेर बाकावर बसलेल्या बाईंना वाटत होतं, आता ते घाबरणार, ओरडणार, अर्ध्यातून बाहेर काढावं लागणार. पण पाऊण तासानं मधुकरराव बाहेर आले ते कित्येक महिन्यांत दिसलं नव्हतं असं समाधान चेहऱ्यावर घेऊन.

"कडेचा साचा ढिला आहे," ते सावकाश म्हणाले. "सयाजीला सांगा."

नर्स हसली. बाईही हसल्या. गिरणीत साच्यांवर, म्हणजे यंत्रांवर, मुकादम असलेला सयाजी जॉबर जाऊन वीस वर्षं झाली होती, आणि त्याच्याही आधी गिरणी गेली होती.

बाई वाईहून लग्न होऊन माधवनगरला आल्या, तेव्हा एकवीस वर्षांच्या होत्या. वाईला दिवस घाटावरच्या घंटेनं उजाडायचा, इथं गिरणीच्या भोंग्यानं. भोंगा झाला की साऱ्या चाळीतून बायका चुली पेटवायच्या, दुसरा झाला की पुरुष सायकली काढायचे. तुळशीच्या पानांवर कापसाची पिंज बसायची आणि ती रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसावी लागायची. मधुकरराव घरी यायचे ते पापण्यांवर पिंज घेऊन, म्हाताऱ्याचं सोंग घेतल्यासारखे. डोळे मिटून, धागा दोन बोटांत फिरवून, हा किती नंबरचा ते सांगायचे, आणि खात्यात कुणी पैज लावली तर ती कधी हरायचे नाहीत. बाईंना त्यांचा अभिमान होता. तो बोलून दाखवण्याची तेव्हा रीत नव्हती.

डॉक्टरीण तरुण होती, अबोलीहून दहा-बारा वर्षांनी लहान. पडद्यावर तिनं मधुकररावांच्या मेंदूची चित्रं लावली. अक्रोड मधोमध कापून ठेवावा तसं करड्या रंगाचं काहीतरी. मधुकरराव स्वतः खुर्चीत बसून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. ती चित्रं आपली आहेत हे त्यांच्या गावीही नव्हतं.

तिनं पेनाच्या टोकानं दाखवत समजावून सांगितलं. म्हातारपणी विसरण्याचा जो नेहमीचा आजार असतो, त्यात आधी कानाच्या आतल्या बाजूचा हा भाग झिजतो. यांचा तो वयाच्या मानानं बरा आहे. झिजला आहे तो मागचा, लहान मेंदू. तोल सांभाळणं, जीभ वळणं ही त्याची कामं. त्याच्या घड्या अशा सुट्या, उघड्या पडायला नकोत. आणि ही झीज काल-परवाची नाही, पुष्कळ वर्षांची आहे.

"अशी झीज बहुतेक वेळा मला एकाच प्रकारच्या माणसांत दिसते," ती अबोलीकडे बघत म्हणाली. "किती वर्षं पीत होते?"

बाईंनी लेकीकडे पाहिलं. त्यांना वाटलं, आता अबोली उसळेल. आमच्या घरात दारूचा थेंब कधी आला नाही म्हणून डॉक्टरला सुनावेल.

अबोली पत्ता सांगावा इतक्या सरळ आवाजात म्हणाली, "मी लहान असताना प्यायचे. नंतर सुटली असावी. आम्ही घरात त्याबद्दल बोलत नाही."

डॉक्टरिणीनं ते कॉम्प्युटरवर टिपून घेतलं. मधुकरराव कॅलेंडरकडे बघत मान डोलवत होते. बाईंनी तोंड उघडलं. पण चाळीस वर्षांची सवय होती, ते आपोआप मिटलं.

रक्त तपासायला दिलं. आठ दिवसांनी पुन्हा या, डॉक्टरीण म्हणाली, आणि घरात ते घेतात ती एकूण एक गोळी, चूर्ण, काढा, सगळं पिशवीत घालून आणा.

रिक्षा माधवनगरला निघाली. बाईंच्या डोक्यात मात्र एक बुधवार फिरत होता.

चौऱ्याऐंशी साल. पहिली पाळी होती. सकाळी साडेनऊच्या सुमाराला मधुकरराव साच्याजवळ उभे होते, ते ताठ झाले आणि आडवे कोसळले. हातपाय झटकू लागले, दातखीळ बसली, तोंडाला फेस आला. साचा बंद करायला सयाजी धावला म्हणून हात वाचला. पाच मिनिटांनी शुद्धीवर आले, पण कुठे आहोत ते कळेना, जीभ लडबडत होती, उभं केलं तर झोक जात होता. सयाजी आडदांड, मनानं वाईट नव्हता. त्यानं सगळ्यांदेखत आपलं मत देऊन टाकलं: "आवं, काय न्हाई झालं. ह्यो सकाळसकाळी टाकून आलाय."

चौकशी लागली. पिऊन कामावर आला असेल, तर पहिल्या खेपेला ताकीद आणि आठ दिवस घरी. आणि ते नसेल, तर गिरणीच्या डॉक्टरपुढे उभं राहायचं, आणि मग ते सबंध माधवनगरात पसरणार.

नेमकं त्याच महिन्यात मधुकररावांच्या धाकट्या बहिणीचं तासगावला ठरत होतं. मुलाकडचे बेदाण्याचे व्यापारी, घरंदाज माणसं. सुपारी फुटायची होती. फेफऱ्याचं घराणं, एवढे दोन शब्द तासगावपर्यंत पोचले असते, तर ते लग्न मोडलं असतं आणि त्यानंतर दुसरंही जमलं नसतं. शिवाय अबोली सहा वर्षांची होती. तिचंही उद्या करायचंच होतं. पिणाऱ्याच्या बहिणीचं लग्न होत होतं. पिणारे प्रत्येक घरात होते.

मधुकररावांनी रात्रभर छताकडे पाहिलं. सकाळी म्हणाले, "तूच लिही. तुझं अक्षर चांगलं आहे."

बाईंनी लिहिलं. वाईच्या शाळेत वळणदार अक्षराचं बक्षीस मिळवलेल्या हातानं लिहिलं: मी बुधवारी पहिल्या पाळीला येताना दारू प्यालो होतो. झालेल्या चुकीबद्दल दिलगीर आहे. पुन्हा असे होणार नाही. खाली मधुकररावांनी सही केली. त्यांनी आयुष्यात दारू चाखली नव्हती. आधी नाही आणि नंतरही नाही.

खरं काय झालं ते घराबाहेर एकाच बाईला कळलं होतं. अंबूबाई आटपाडीकडची, मेंढरामागे वाढलेली. दुष्काळात कळप गेला तशी गिरणीत रिळं भरायला लागली. कोसळलेल्या मधुकररावांच्या नाकाला चप्पल लावणारी तीच. संध्याकाळी ती दारात येऊन उभी राहिली.

"आवं वैनी, ते प्यालेलं न्हाईत," ती हळू आवाजात म्हणाली. "पिणाऱ्याचं दात असं बसत न्हाईत. आमच्या मेंढराला असंच हुतंय, मी लय बघितल्यात. चांगल्या डाक्टरकडं न्या."

बाईंनी तिच्याकडे न बघता सांगितलं, "प्यालेच होते."

अंबूबाईनं पदर खोचला. "बरं," म्हणाली आणि गेली. तिनं कधी कुठे ब्र काढला नाही.

डॉक्टरकडे मात्र नेलं. मिरज हाकेच्या अंतरावर, मोठमोठी इस्पितळं तिथं, कुठून कुठून लोक येतात. पण मिरजेला रांगेत बसलं की दोन ओळखीचे हटकून भेटणार. म्हणून त्यांनी सातारा गाठला. बाईंच्या भावाला भेटायला वाईला जातो असं सांगून एसटीत बसायचं, आष्टा, इस्लामपूर, कराड करत साताऱ्याला उतरायचं. तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. एक पांढरी संध्याकाळची, एक बारकी निजतानाची. सहा महिन्यांनी दाखवायला या म्हणाले, आणि बाईंकडे वळून बजावलं की बाई, वाट्टेल ते होवो, ही गोळी एक दिवस चुकवायची नाही.

बाईंनी ते वाक्य घट्ट धरलं. सहा महिन्यांचं वाक्य हळूहळू सुटलं.

अबोली दहावीत होती तेव्हा ते डॉक्टर वारले. दुसऱ्या डॉक्टरकडे जायचं म्हणजे पहिल्यापासून सगळं सांगायचं. त्यापेक्षा सोपं होतं साताऱ्यातलं औषधांचं दुकान. दुकानदार भाऊसो ओळखीचा झाला होता. विटलेला, घडीवर फाटलेला तो कागद दाखवला की काही न विचारता सहा महिन्यांच्या गोळ्या बांधून द्यायचा. पुढे तो कागदही बघेनासा झाला. अबोलीला साताऱ्याला दिलं, तेव्हा तर देवच पावला. बाई लेकीकडे चार दिवस राहायला जायच्या आणि एका सकाळी गणपतीला जाऊन येते म्हणून बाहेर पडायच्या. आईचा साताऱ्याच्या गणपतीवर फार जीव, असं अबोली मैत्रिणींना कौतुकानं सांगायची.

घरी आल्यावर गोळ्या पाकिटातून सोडवून हिंगाच्या रिकाम्या डबीत भरायच्या. डबी देवघरात, उदबत्तीच्या पुड्यामागे. तिन्हीसांजेला दिवा लावला की बाई आधी तीर्थ द्यायच्या आणि मग त्याच तळहातावर गोळी. अबोलीला लहानपणी सांगितलं होतं, बाबांची हाडांची गोळी. ताप असो, सुतक असो, लग्नघर असो, महापुरात शेजाऱ्यांच्या माळ्यावर तीन दिवस काढले तेव्हा असो, गोळी चुकली नाही. आणि त्या बुधवारनंतर झटका पुन्हा एकदाच आला, तोही पहिल्या वर्षी. मग कधीच नाही. बाईंना वाटायचं, हा आपला नेम आहे. नेम मोडायचा नसतो आणि त्याला शंकाही विचारायची नसते.

दहा वर्षांपूर्वी दातांच्या डॉक्टरनं मधुकररावांच्या हिरड्या बघून विचारलं होतं, हे झटक्याची गोळी घेतात का? हिरड्या अशा सुजून दातांवर चढतात त्या गोळीनं. बाईंनी नाही म्हणून सांगितलं होतं. वन्सं तासगावला नातवंडांत रमल्या होत्या, अबोलीचा संसार पंधरा वर्षांचा झाला होता. कुणासाठी लपवत होतो ते बाईंना त्या दिवशीही सांगता आलं नसतं. पण नाही हाच शब्द तोंडात बसला होता.

त्या आठ दिवसांत अबोली घरीच होती. वडिलांना न्हाऊ घालत होती, घास भरवत होती, सगळं नीटनेटकं, वेळच्या वेळी. बाई तिच्याकडे बघत राहायच्या. आपली लेक वडिलांशी अशीच का वागते, हे त्यांना ठाऊक होतं, आणि ठाऊक नसल्याचं त्या आजवर दाखवत आल्या होत्या. चौथीत असताना कुणा मुलीनं तिला शाळेत सांगितलं होतं की तुझा बाप पितो, माझ्या बाबांनी बघितलंय. पोर घरी आली आणि तिनं विचारलं. दोघंही गप्प बसले. त्यानंतर वर्षभर वडील कामावरून आले की ती दारात उभी राहायची आणि त्यांच्या तोंडाचा वास घ्यायची. मधुकरराव मुकाट्यानं वाकायचे, तिच्यासमोर तोंड उघडायचे, श्वास सोडायचे. वास कधी यायचा नाही. पण गोळीनं त्यांचे डोळे जड झालेले असायचे, पाय अडखळायचे. पोर मान फिरवून आत जायची. पुढे तिनं वास घेणं सोडलं, आणि त्यांच्या मांडीवर बसणंही.

लग्नात पाठवणीच्या वेळी ती बाईंच्या गळ्यात पडून रडली. वडिलांच्या नुसती पाया पडली.

हे बाईंना आता सारखं दिसत होतं. नवऱ्याचं विसरणं बरं होईल न होईल, ते डॉक्टरच्या हाती. पण हा माणूस पुरता पुसला जाण्याआधी त्याच्या लेकीला तो कोण होता हे कळणार की नाही, ते फक्त बाईंच्या हाती होतं. आणि बोलायचं म्हणजे लेकीला हेही सांगायचं की बाळा, ते अक्षर माझं होतं.

सातव्या संध्याकाळी त्यांनी दिवा लावला, तीर्थ दिलं, गोळी दिली. मधुकररावांनी नेहमीसारखा हात पुढे केला. बाकी सगळं विसरत चाललं होतं, पण हात पुढे करणं ते विसरले नव्हते. बाईंना त्या हातावर गोळी ठेवताना पहिल्यांदाच भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरिणीनं पिशवी टेबलावर ओतली. रक्तदाबाची गोळी, कॅल्शियम, त्रिफळा चूर्ण, गुडघ्याचं तेल. ती एकेक बघून बाजूला ठेवू लागली. तेव्हा बाईंनी कमरेच्या पिशवीतून हिंगाची डबी काढली आणि त्या ढिगावर ठेवली.

"हेही आहे," त्या म्हणाल्या. "झटक्याच्या गोळ्या आहेत. ते कधी प्यायले नाहीत. त्यांना फिट यायची."

डॉक्टरिणीनं डबी उघडली. एक गोळी हातात घेऊन उजेडात धरली. "किती वर्षं?"

"चाळीस. एक दिवस चुकवला नाही." हे म्हणताना बाईंच्या आवाजात सवयीचा अभिमान आला, आणि तो त्यांना स्वतःलाच ऐकू आला.

"मध्ये रक्तात प्रमाण कधी बघितलं? कुणी डॉक्टरनं तपासलं?"

"तीस वर्षांत नाही."

डॉक्टरीण रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं पुन्हा ती चित्रं लावली आणि या वेळी खूप वेळ एकटीच बघत बसली. मग म्हणाली की ही गोळी चांगली आहे, तिनं झटके थांबवले हेही खरं. पण वय वाढतं तसं शरीर तिला पेलत नाही, ती रक्तात साठते, आणि वर्षानुवर्षं साठली तर लहान मेंदूवर उतरते. दुसरी बारकी गोळी विचार मंद करते. दोन्ही बदलायला हव्या होत्या, कधीच. यातला किती दोष गोळ्यांचा आणि किती मूळच्या आजाराचा, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. एकदम बंद करायच्या नाहीत, हळूहळू उतरवू, नवी गोळी चढवू. डोक्यावरचं धुकं थोडं विरळ होईल. जे झिजलं आहे ते भरून येणार नाही.

 बाहेर आल्यावर अबोलीनं वडिलांना बाकावर बसवलं, पाणी दिलं, आणि मग आईला चार पावलं बाजूला नेलं.

"मला सगळं सांग."

बाईंनी सांगितलं. बुधवार, सयाजी, तासगावचं स्थळ, साताऱ्याचं दुकान. शेवटी त्या कागदाचं सांगितलं.

"तू लिहिलंस?"

"मी लिहिलं."

अबोलीनं भिंतीला पाठ टेकली. "दुसऱ्यांपासून लपवलंत ते समजतं मला. आत्याचं लग्न, माझं लग्न, ठीक आहे. पण मला का नाही सांगितलंस आई? मी रोज त्यांच्या तोंडाचा वास घेत होते. तू स्वयंपाकघरातून बघायचीस. मला दिसायचीस तू." तिनं बाकाकडे पाहिलं. "ते वाकायचे गं माझ्यासमोर."

 लहान पोरीच्या तोंडी गुपित टिकलं नसतं, हे उत्तर चाळीस वर्षांपूर्वीचं होतं. त्या पोरीला आता चष्मा लागला होता आणि तिचे केस कानाशी पांढरे झाले होते.

रक्ताचा नवा अहवाल आला. गोळीचं प्रमाण हवं त्याच्या दुपटीच्या जवळ होतं. मग दर पंधरवड्याला पाव पाव गोळी कमी होत गेली. हिंगाची डबी अबोलीनं घासून उन्हात ठेवली आणि आठवड्याच्या सात कप्प्यांचा एक प्लास्टिकचा डबा आणून दिला. त्यात ती स्वतः गोळ्या भरून जायची. साताऱ्याहून दर दुसऱ्या रविवारी यायची. आईशी बोलायची, पण कामापुरतं. भाजी काय आणू, दूधवाला आला का. बाईंनी त्यावर कधी तक्रार केली नाही.

संक्रांतीपर्यंत मधुकररावांत फरक दिसू लागला. झोक कमी झाला नाही, पण डोळ्यांत माणूस दिसू लागला. वर्तमानपत्राचा मथळा बोट ठेवून वाचायचे. एके दिवशी फाटकापर्यंत जाऊन न चुकता परत आले आणि दारात उभे राहून शाबासकीची वाट बघत राहिले. अबोली आली की तिचं नाव घेऊन हाक मारायचे. बाईंना वाटलं, आता वेळ आहे. हा दरवाजा किती दिवस उघडा राहील सांगता येत नाही. त्यांनीच लेकीला फोन करून सांगितलं की या रविवारी त्यांच्याशी बोल.

अबोली सकाळच्या गाडीनं आली. दुपारची जेवणं झाली. मधुकरराव अंगणात खुर्ची टाकून उन्हाला बसले होते. ती त्यांच्या पायाशी पायरीवर बसली. बाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या. पुढे जावं की नाही ते त्यांना कळेना.

"बाबा," अबोली म्हणाली, "आईनं मला सगळं सांगितलं. गिरणीत तुम्हाला फिट आली होती. तुम्ही दारू कधीच प्यायला नाहीत. मला माहीत नव्हतं. मी तुमच्याशी..."

 तिनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

मधुकररावांनी तो हात पाहिला. मग त्यांच्या कपाळावर आठ्या आल्या. त्यांनी मान वर करून आजूबाजूला पाहिलं, कुंपणापलीकडे कुणी ऐकतंय का ते पाहिलं.

"छे छे," ते म्हणाले. "प्यालो होतो."

"नाही बाबा."

"मी बुधवारी पहिल्या पाळीला येताना दारू प्यालो होतो." हे मात्र न अडखळता आलं. प्रत्येक शब्द जागच्या जागी, जीभ कुठे जड नाही. "झालेल्या चुकीबद्दल दिलगीर आहे. पुन्हा असे होणार नाही. लिहून दिलंय मी. सही आहे माझी."

अबोलीनं आईकडे पाहिलं. बाई पुढे आल्या. "अहो," त्या वाकून म्हणाल्या, "आता सांगितलं तरी चालतं. सगळ्यांची लग्नं झाली. आता लपवायचं काही नाही."

मधुकररावांनी त्यांच्याकडे बघून डोळे बारीक केले, आणि मग चेहऱ्यावर हसू आलं, समजूतदार, थोडं धूर्त. तुझी परीक्षा मला कळते, असं. आवाज खाली आणून ते म्हणाले, "मी कुठे काय सांगतोय? विचार हिला. प्यालो होतो, एवढंच म्हणालो."

अबोलीनं पुन्हा एकदा समजावून पाहिलं. डॉक्टरांचं सांगितलं, गोळ्यांचं सांगितलं. ती जसजशी बोलू लागली तसतसे ते बावरू लागले. हात कापायला लागले. दिलगीर आहे, दिलगीर आहे, एवढंच म्हणू लागले. समोर बसलेली ही बाई आपल्याकडून काहीतरी काढून घ्यायला आली आहे आणि ते दिलं तर घर बुडेल, असं भय त्यांच्या डोळ्यांत उतरलं. धुकं विरळ झालं होतं, आणि त्यातून सगळ्यात आधी वर आलं होतं ते हेच.

अबोली बोलायची थांबली.  मग तिनं त्यांचे दोन्ही कापणारे हात आपल्या हातांत घेतले.

"एकदाच प्यालात ना बाबा?"

"एकदाच. देवाशपथ."

"मग जाऊ दे. मी रागावले नाही."

"खरंच?"

"खरंच. मी तुम्हाला माफ केलं."

मधुकररावांनी मोठा श्वास सोडला. खांदे खाली आले. हात कापायचे थांबले. चाळीस वर्षं कुणीतरी हे म्हणावं म्हणून वाट बघितल्यासारखा त्यांचा चेहरा सैल झाला, डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांनी पुसलंही नाही. थोड्या वेळानं मान छातीवर कलली आणि त्यांना डोळा लागला.

बाई तिथेच उभ्या होत्या. त्यांना लेकीच्या शेजारी पायरीवर बसावंसं वाटत होतं. त्या बसल्या नाहीत. अबोलीनं वर पाहिलं नाही. वडिलांचे हात तिनं सोडले नव्हते. ऊन अंगणातून सरकत भिंतीपाशी गेलं. तिची साडेतीनची गाडी गेली, साडेचारचीही गेली.